खिडकी सात सेंटिमीटर उघडते

अकिरा कुरोसावांच्या १९६३ सालच्या 'हाय अँड लो'मध्ये पहिला जवळजवळ तासभर आपण एका दिवाणखान्यातून बाहेरच पडत नाही. योकोहामातल्या टेकडीवरचं घर. बूट बनवणाऱ्या कंपनीतला बडा अधिकारी गोंडो, त्याची बायको, त्याचा ड्रायव्हर, चार पोलीस आणि एक टेलिफोन. कुणीतरी गोंडोच्या मुलाला पळवायला गेला आणि चुकून ड्रायव्हरच्या मुलाला घेऊन गेला. खंडणी मात्र त्याला गोंडोकडूनच हवी आहे, तीन कोटी येन. दिली तर गोंडो रस्त्यावर येणार, नाही दिली तर दुसऱ्याचं पोर जाणार. माणसं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतात, पडदे ओढले जातात, फोन वाजतो. आणि मग काही कळायच्या आत पडदाभर एक रेल्वेगाडी धाडधाड करत येते. कोंडलेल्या घरातून आपण एकदम त्या गाडीत जाऊन पडतो.

फोनवरच्या माणसाने एक अट घातलेली असते. पैसे ज्या बॅगांत भराल त्या सात सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. अशी अट का, हे घरात कुणालाच कळत नाही. गाडीत बसल्यावर कळतं. कोडामा एक्सप्रेसच्या खिडक्या उघडत नाहीत. फक्त स्वच्छतागृहातली खिडकी उघडते, तीही सातच सेंटिमीटर. गाडीतल्या टेलिफोनवर गोंडोला बोलावणं येतं. पुढे साकावा नदीचा पूल लागेल, पुलाआधी मुलगा उभा दिसेल, पूल ओलांडला की बॅगा खाली टाक. गाडी थांबणार नाही. पोलिसांना उतरता येणार नाही. पोरगं खरंच तेच आहे का, हे बघायला गोंडोला काही क्षण मिळतात आणि बॅगा टाकायला एका नदीच्या रुंदीएवढा वेळ.

हा प्रसंग कुरोसावांनी धावत्या गाडीतच चित्रित केला, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून. तो किती मिनिटांचा आहे हे मी कधी मोजलेलं नाही. पण दर वेळी पाहताना पुलाचे खांब खिडकीतून सरकायला लागले की मी खुर्चीच्या कडेला आलेली असते. खरं तर पुढे काय होणार ते मला पाठ आहे. तरीही जीव टांगणीला लागतो, याचं कारण त्या सात सेंटिमीटरमध्ये आहे असं मला वाटतं. गुन्हेगाराने कसलीही जादू केलेली नाही. त्याने गाडी नीट पाहिलेली आहे. कुठली खिडकी किती उघडते, पूल कधी येतो, गाडी कुठे थांबत नाही, हे त्याला पोलिसांपेक्षा जास्त ठाऊक आहे, एवढंच.

रेल्वे, मोटार, विमान यांच्यावरचे थरारपट म्हटले की आपण वेगाबद्दल बोलतो. मला वेगाचं एवढं अप्रूप नाही. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या चित्रपटांत मोटारी इमारतींमधून उड्या मारतात, विमानांच्या पोटातून बाहेर पडतात, आणि माझ्या छातीत साधी धडधडसुद्धा होत नाही. त्या मोटारींना वजनच नसतं. त्या काहीही करू शकतात, त्यामुळे त्यांच्या काहीही करण्याला किंमत उरत नाही. याउलट वाहनाचा एखादा नियम दिग्दर्शकाने पक्का धरला, की अमुक दार उघडत नाही, तमुक ठिकाणाशिवाय थांबता येत नाही, की तिथून भीती सुरू होते. वाहन काय करू शकत नाही हे ज्याला माहीत आहे, तोच आपल्याला घाबरवू शकतो.

हे मी सिनेमावाल्यांकडून नाही, मामांकडून शिकले. मामा कर्जतला होते, घाट सेक्शनमध्ये इंजिन ड्रायव्हर. 'द बर्निंग ट्रेन' दूरदर्शनवर लागला तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर होतं. रवी चोप्रांचा १९८० सालचा चित्रपट. दिल्लीहून मुंबईला निघालेली नवीकोरी सुपर एक्सप्रेस, धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमा मालिनी आणि खलनायक डॅनी. आम्ही मुलं श्वास रोखून बघत होतो. मामा मात्र मध्येच म्हणाले, "अगं, ब्रेक तुटला तर गाडी सुटत नाही, थांबते."

मग त्यांनी जेवणाच्या ताटावर बसून समजावलं. तेव्हाच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असायचे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते आणि तिच्यातली हवा काढून घेतलेली असते. हवा काढलेली आहे तोवर ब्रेक सुटलेले. नळीत कुठूनही हवा शिरली की ब्रेक लागले. आपण साखळी ओढतो तेव्हा दुसरं काही होत नाही, नळीत हवा शिरायला वाट मिळते. गाडीचे दोन तुकडे झाले तरी नळी तुटते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबायला लागतात. म्हणजे गाडी बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलंय की काही बिघडलं तर गाडी उभीच राहिली पाहिजे. म्हणून तर चित्रपटातल्या खलनायकाला आधी ब्रेकचीच वाट लावावी लागते. त्याशिवाय गोष्टच होत नाही. मामांना चित्रपटातली आग पटली नाही, गाणी लांबलचक वाटली, पण एवढा एक मुद्दा त्यांनी मान्य केला. "त्याला कळत होतं कुठे हात घालायचा ते."

खंडाळ्याच्या घाटातून गाडीने खाली उतरताना मला अजूनही मामांचं बोलणं आठवतं. तिथे चढ सदतीसाला एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. वर जाणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं ढकलतात. खाली येणारी गाडी मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडीला उभी राहते. प्रवासी कंटाळतात, "आता का थांबली?" म्हणतात. तिथे गाडी स्वतःला सिद्ध करत असते. त्या जागी रूळ मुळात कॅच सायडिंगकडे वळवलेले असतात. कॅच सायडिंग म्हणजे डोंगराच्या अंगावर चढत गेलेली आणि पुढे कुठेही न जाणारी लाइन. गाडी थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत. मगच तिला पुढचा रस्ता मिळतो. नाही थांबली तर ती त्या चढावर जाऊन आपोआप दमते. दर दिवशी इतक्या गाड्या या परीक्षेतून जातात आणि डब्यातलं कुणी वडापावावरून नजरही उचलत नाही. यात मला कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त थरार दिसतो.

रेल्वेत आणखी एक गोष्ट असते, ती मोटारीत आणि विमानात नसते. अनोळखी माणसं एकमेकांसमोर तासन्‌तास बसतात आणि मग कायमची वेगळी होतात. हिचकॉकच्या 'द लेडी व्हॅनिशेस' (१९३८)मध्ये गाडीतली एक म्हातारी बाई अचानक नाहीशी होते. तिच्यासोबत चहा प्यायलेली तरुण मुलगी विचारत सुटते, आणि डब्यातला प्रत्येक जण म्हणतो, अशी कुणी बाई नव्हतीच. काहींना लपवायचंय, पण काहींना नुसतं स्वतःच्या प्रवासात अडथळा नकोय. क्रिकेटचा सामना चुकेल म्हणून खोटं बोलणारे दोन सद्गृहस्थ त्यात आहेत. मला त्या कटवाल्यांपेक्षा या दोघांची भीती जास्त वाटते. सुरुवातीला गाडीच्या आवाजात म्हातारीचं नाव ऐकू येत नाही, म्हणून ती ते खिडकीच्या वाफाळलेल्या काचेवर बोटाने लिहिते. पुढे मुलगी स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला लागलेली असताना तिला ते नाव दिसतं. ती हाक मारते, आणि गाडी बोगद्यात शिरते. नाव पुसलं जातं. काच, वाफ, बोगदा. रोजच्या प्रवासातल्या तीन गोष्टी, आणि एकमेव पुरावा गेला. हा चित्रपट बहुतांशी लंडनमधल्या एका छोट्या स्टुडिओत, डब्याचा सेट उभारून आणि बाकी गाडीची लहान प्रतिकृती वापरून केलेला आहे. पाहताना हे एकदाही जाणवत नाही.

वेळापत्रकाचा थरार मात्र जपान्यांनाच साधावा. सेइचो मात्सुमोतोंची 'पॉइंट्स अँड लाइन्स' ही कादंबरी १९५८ साली पुस्तकरूपात आली आणि त्याच वर्षी तिच्यावर चित्रपटही निघाला. टोकियो स्टेशनच्या तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट दिसत नाही, कारण मध्ये सतत गाड्या उभ्या असतात. संध्याकाळी फक्त चार मिनिटं मधली जागा मोकळी असते. नेमक्या त्या चार मिनिटांत कुणीतरी कुणालातरी पलीकडच्या गाडीत चढताना पाहिलं. पोलिसाच्या मनात एकच किडा वळवळत राहतो, हे आपोआप दिसलं की कुणी दाखवलं? आपल्याकडे १९७१च्या 'परवाना'त अमिताभ बच्चन यांचं पात्र लांबच्या गाडीत बसल्याचा पुरावा तयार करतं आणि मधल्या वेळात विमानाने जाऊन खून करून येतं. श्रीराम राघवन यांच्या 'जॉनी गद्दार'मधल्या तरुणाला हाच 'परवाना' टीव्हीवर बघून युक्ती सुचते. गाडीत बसलेला माणूस गाडीतच असणार, ही आपली किती घट्ट समजूत आहे! हे दोन्ही चित्रपट तिच्यावरच उभे आहेत.

मोटारीचं तसं नाही. मोटारीत बसणाऱ्याला वाटतं, सगळं माझ्या हातात आहे. 'सायको'चं (१९६०) नाव काढलं की लोक न्हाणीघराबद्दल बोलतात, पण त्या आधीचा मोटारीतला भाग मला जास्त अस्वस्थ करतो. चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेली मॅरियन सिग्नलला थांबते, आणि समोरून तिचा साहेब रस्ता ओलांडतो. तो तिच्याकडे बघतो, सवयीने हसतो, पुढे जातो आणि मग थांबून पुन्हा वळून बघतो. ती मोटारीत आहे, म्हणजे पळू शकते. पण सिग्नल लाल आहे! पुढे रस्त्याच्या कडेला ती झोपलेली असताना काळ्या चष्म्याचा पोलीस काचेवर टकटक करतो. ती मोटार बदलायला जाते तर तोच पोलीस पलीकडे उभा राहून बघत असतो. तो काहीही करत नाही. नुसता उभा असतो. आपण मात्र मनातल्या मनात एका चोर बाईसाठी देव पाण्यात ठेवलेले असतात. पुढे मॅरियनचा खून झाल्यावर मोटेलवाला नॉर्मन तीच मोटार दलदलीत बुडवतो तेव्हा ती अर्धी बुडून थबकते. क्षणभर आपल्याही पोटात गोळा येतो. बुडू दे बाई लवकर, असं आपण म्हणतो, आणि आपण कुणाच्या बाजूने झालोय हे लक्षात यायच्या आत ती बुडते. प्रेक्षकाची निष्ठा अशी एका माणसावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवणं मी दुसरीकडे इतक्या सफाईने झालेलं पाहिलेलं नाही, आणि ते काम एका थबकलेल्या मोटारीने केलंय.

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ड्युएल' हा १९७१ साली अमेरिकन टीव्हीसाठी केलेला चित्रपट. तेव्हा स्पीलबर्ग चोवीस वर्षांचे होते. एक साधा पगारदार माणूस लाल मोटारीतून कामाला निघालाय. पुढे एक जुनाट, गंजका टँकर हळूहळू चाललाय. तो ओव्हरटेक करतो. बस्स. त्या एका ओव्हरटेकसाठी तो टँकर दिवसभर त्याच्या जिवावर उठतो. ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही. दिसतात ते खिडकीबाहेर आलेला हात आणि पायातले बूट. ढाब्यासारख्या एका हॉटेलात शिरल्यावर हा माणूस तिथल्या प्रत्येकाच्या बुटांकडे बघत बसतो, यातला तो कोण? ही कथा रिचर्ड मॅथिसन यांना सुचली ती २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींची हत्या झाली त्या दिवशी. घरी परतताना एका ट्रकने त्यांचा असाच पिच्छा पुरवला होता.

'ड्युएल'मधलं एक दृश्य तर मी थांबवून थांबवून पाहते. रेल्वे फाटकाशी मोटार उभी आहे, समोरून मालगाडी जातेय, जातेय, संपतच नाही. मागून टँकर येतो आणि मोटारीला हळूहळू पुढे ढकलायला लागतो. धडक नाही, नुसता दाब. ब्रेकवर सगळा भार टाकून बसलेला माणूस इंचाइंचाने चाकांकडे सरकतोय. वेग जवळजवळ शून्य. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने रात्री प्रवास केलेल्या कुणालाही ही भीती नव्याने सांगायला नको. मागच्या ट्रकचे दिवे आरशात भरून आले की ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्याचे पायसुद्धा आपोआप ब्रेक दाबतात.

'बुलिट'मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पाठलागाचं कौतुक सगळेच करतात, आणि ते रास्तच आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायचीय. पाठलाग खरा सुरू होतो तिथे पार्श्वसंगीत बंद होतं. पुढे फक्त इंजिनं आणि टायर.

विमानाबद्दल लिहिताना माझा हात जरा आखडतो. विमानात प्रवाशाला करण्यासारखं काहीच नसतं. साखळी नाही, ब्रेक नाही, फाटक नाही. मॅथिसन यांचीच आणखी एक कथा 'ट्वायलाइट झोन' मालिकेत ऑक्टोबर १९६३मध्ये आली, म्हणजे तो ट्रक त्यांच्या मागे लागण्याच्या महिनाभर आधी. एका प्रवाशाला वीस हजार फुटांवर विमानाच्या पंखावर काहीतरी बसलेलं दिसतं. ते इंजिनाशी खेळतंय. तो हवाई सुंदरीला बोलावतो, तोवर ते गायब. तो पडदा ओढून घेतो. बघायचं नाही असं ठरवतो. आणि पुन्हा पडदा सारतो, तर काचेला चिकटून तोंड. पंखावरचं ते सोंग आज बघताना कापसाचं वाटतं, तरी भीती कमी होत नाही. सगळ्यांचा जीव वाचवायचा असेल तर वेडा ठरावं लागेल, आणि वेडा ठरलो तर कुणी ऐकणार नाही, हा पेच त्यात आहे.

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) हिचकॉकने विमान बाहेरून आणलं. भर दुपार, सपाट शेतं, रस्ता, आणि सुटाबुटातला कॅरी ग्रँट बस थांब्यावर उभा. लपायला झाडसुद्धा नाही. समोर येऊन उभा राहिलेला एक अनोळखी माणूस बसमध्ये चढता चढता सहज म्हणतो, ते विमान पीक नसलेल्या जागी औषध फवारतंय. बस जाते आणि विमान वळतं. इथेही संगीत नाही, विमानाची घरघर तेवढी.

पण विमानाच्या गोष्टीत जिच्यावर मी सर्वांत जास्त जीव लावला, ती गोष्ट खरी आहे. ५ सप्टेंबर १९८६. पॅन अ‍ॅमचं मुंबईहून निघालेलं विमान कराचीला उतरलं. पुढे फ्रँकफर्ट, मग न्यूयॉर्क. सुरक्षारक्षकांच्या वेषातले चार बंदूकधारी विमानात घुसले. नीरजा भनोतने लगेच कॉकपिटला इशारा दिला आणि वैमानिक छतातल्या आपत्कालीन झडपेतून बाहेर पडले. वरवर पाहिलं तर पळाले. पण विचार करा, वैमानिक नाही म्हणजे उड्डाण नाही. त्या एका क्षणात विमान विमानच राहिलं नाही, धावपट्टीशेजारची एक लांबट खोली झालं. अपहरणकर्त्यांना हवं होतं ते त्यांना मिळणं तिथेच अशक्य झालं. पुढे सुमारे सतरा तास. मग विमानाला वीज पुरवणारं यंत्र बंद पडलं, दिवे गेले, आणि अंधारात गोळीबार सुरू झाला. नीरजाने आपत्कालीन दार उघडलं, लोकांना बाहेर काढलं आणि मुलांना वाचवताना तिला गोळ्या लागल्या. दोन दिवसांनी तिचा तेविसावा वाढदिवस होता. तिला अशोकचक्र मिळालं.

राम माधवानींनी २०१६मध्ये 'नीरजा' केला तेव्हा मला धास्ती होती. शेवट सगळ्या देशाला माहीत असलेल्या घटनेचा थरारपट करायचा म्हणजे मेलेल्यांचा खेळ मांडण्यासारखं होऊ शकतं. तसं झालं नाही. मला त्यात सर्वांत जास्त लक्षात राहिले ते दिवे. वीज मंद होत जाते आणि तिच्याबरोबर आपल्याला कळत जातं की हा अंधार कुणी केलेला नाही, तो फक्त यंत्रातलं इंधन संपल्याचा आहे, आणि बंदूकधाऱ्यांना ते कळणार नाही. पाहून बाहेर पडल्यावर माझी मावशी पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरू न करता बसून राहिली होती.

मालिकांना ही गोष्ट जड जाते. २०२३च्या 'हायजॅक'मध्ये दुबईहून लंडनला निघालेल्या विमानाचा सात तासांचा प्रवास सात भागांत आहे. कल्पना पक्की, पण कथा दर थोड्या वेळाने जमिनीवरच्या कार्यालयांत जाते, आणि आपण विमानातून उतरलो की भीतीही उतरते. त्यापेक्षा बीबीसीच्या 'बॉडीगार्ड'चा (२०१८) लंडनला निघालेल्या गाडीतला पहिला प्रसंग बघा. स्वच्छतागृहाचं दार, आत अंगावर स्फोटकं बांधलेली बाई, बाहेर दोन मुलांना घेऊन निघालेला बाप. कॅमेरा गाडी सोडत नाही.

मला एक गोष्ट पडद्यावर बघायची आहे, आणि ती कोकणातलीच असू शकते. कोकण रेल्वे १९९९पासून मालाने भरलेले ट्रक जसेच्या तसे गाडीवर चढवून नेते, कोलाडहून वेर्ण्याला आणि पुढे सुरतकलपर्यंत. रो-रो म्हणतात तिला. उघड्या वॅगनवर एकामागे एक ट्रक उभे, चाकांना अडण्या लावलेल्या, आणि ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये. हातात स्टिअरिंग आहे पण ते काही फिरवत नाही. पाय ब्रेकवर जातो, पण गाडीचा ब्रेक तिसऱ्याच माणसाकडे. लाइन बहुतेक एकेरी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीसाठी कुठल्यातरी छोट्या स्टेशनवर थांबणं आलं, आणि किती वेळ ते ट्रकवाल्याला माहीत नसतं. रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत शिरताना पुढच्या ट्रकच्या केबिनमध्ये दोन माणसं होती आणि बाहेर पडताना एकच दिसतोय.

त्या ड्रायव्हरने काय करावं? उतरता येत नाही. पुढच्या वॅगनवर जायचं तर ताडपत्री, दोरखंड आणि बाहेर दरी. फोनला बोगद्यात रेंज नाही. साखळी ओढायला तो डब्यात नाही. मागच्या ट्रकवाल्याने काही पाहिलं का हे विचारायलासुद्धा गाडी कुठल्यातरी क्रॉसिंगला थांबावी लागेल, आणि थांबली की पुढचा ट्रकवालाही खाली उतरणार. मराठीत कुणी हे लिहायला घेतलं तर आधी त्याने कोलाडला जाऊन ट्रक चढताना बघावेत, अडण्या कशा लावतात, केबिनचं दार वॅगनवर किती उघडतं, तेही मोजून घ्यावं.